कम्मारपुत्त : एका व्यवसायनामाचा प्रवास

लोहाराच्या धंद्यावरून पडलेले आडनाव जगातील बहुतेक सर्व मोठ्या भाषांत आढळते. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत 'स्मिथ' हे सर्वाधिक प्रचलित आडनाव आहे. जर्मनीतील 'श्मिट', हंगेरीतील 'कोवाच', इटलीतील 'फेरारी', अरबी भाषकांतील 'हद्दाद' ही सर्व नावे धातू तापवून घडविणाऱ्या माणसाची आहेत. आपल्याकडे बंगालमध्ये 'कर्मकार', उत्तर कर्नाटकात 'कम्मार', महाराष्ट्रात 'लोहार', आणि शेजारच्या नेपाळात 'कामी' व 'नकर्मी' ही नावे त्याच अर्थाची होत. याचे कारण उघड आहे. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, गाडीच्या चाकाची धाव यांवाचून कोणत्याही गावाचे चालत नव्हते. गावागावांत लोहार होता आणि एका गावात तो बहुधा एकच होता. म्हणून त्याच्या धंद्याचे नाव हीच त्याची ओळख झाली.

परंतु येथेच एक मोठा फरक अभ्यासकांच्या नजरेस येतो. लंडनमधील स्मिथ आज डॉक्टर असो की धर्मोपदेशक, त्याच्या आडनावावरून त्याच्या हातचे पाणी घ्यावे की नाही असा प्रश्न कोणी विचारीत नाही. भारतात व नेपाळात मात्र आडनाव ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात जातीची उतरंड उभी राहते. दोन्हीकडे नाव एकाच धंद्यावरून पडले. मग एकीकडे ते केवळ नाव राहिले आणि दुसरीकडे त्याची जात झाली, असे का व्हावे? पालि वाङ्मयातील 'कम्मार' या एका शब्दाचा माग काढून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

शब्दाचे मूळ आणि अर्थ

'कर्मार' हा शब्द फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात देवांच्या उत्पत्तीचे वर्णन करताना ब्रह्मणस्पतीला भाता फुंकणाऱ्या कर्माराची उपमा दिली आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात राजा आपल्याभोवती जे लोक आधारासाठी असावेत अशी इच्छा करतो, त्यांत कुशल रथकार आणि बुद्धिमान कर्मार यांचा उल्लेख येतो. म्हणजे वेदकाळाच्या या थरात लोहार हा राजाला हवासा वाटणारा माणूस होता. त्याच्याविषयी तिटकारा त्या उल्लेखांत दिसत नाही.

'धर्म'चे 'धम्म' आणि 'कर्म'चे 'कम्म' होते, त्याच नियमाने 'कर्मार'चे पालित 'कम्मार' झाले. या शब्दाचा अर्थ मात्र आजच्या 'लोहार' या शब्दाइतका अरुंद नव्हता. धम्मपदाच्या मलवग्गात शहाण्या माणसाने आपले दोष थोडेथोडे करून कसे दूर करावेत हे सांगताना चांदीतील मळ काढणाऱ्या कम्माराचा दृष्टान्त दिला आहे. थेरीगाथेतील सुभा ही राजगहाची 'कम्मारधीता' होती. सोन्याचा मोह तिने निर्धाराने नाकारला. तेव्हा लोखंड, चांदी, सोने या सर्व धातूंचे काम करणारा तो कम्मार, असे म्हणणे योग्य होईल.

जातककथांत कम्मारांची गावेच्या गावे भेटतात. सूचिजातकात सहस्र घरांच्या कम्मारग्रामाचे वर्णन असून त्या गावाचा जेट्ठक म्हणजे प्रमुख हा राजाच्या मर्जीतील माणूस असल्याचे सांगितले आहे. त्याच कथेत बोधिसत्त्व स्वतः कम्मारकुलात जन्म घेतो आणि आपल्या कौशल्याची परीक्षा म्हणून एक अपूर्व सुई घडवितो. पारमिता पूर्ण करणाऱ्या बोधिसत्त्वाला भाता आणि ऐरण यांच्यासमोर बसविण्यात कथाकारांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पावा येथील भोजन

पालि वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध कम्मार म्हणजे पावानगरीचा चुंद. ग्रंथांत त्याला सर्वत्र 'कम्मारपुत्त' म्हटले आहे. येथे 'पुत्त' शब्दाचा अर्थ केवळ मुलगा एवढाच घेऊ नये. 'सक्यपुत्त' म्हणजे शाक्यांपैकी एक, तसा 'कम्मारपुत्त' म्हणजे कम्मारांच्या कुळातील. व्यवसायाचे नाव पिढीबरोबर पुढे चालते आहे, अशी ही अवस्था आहे. आडनावाचे बीज म्हणावयाचे ते हेच.

दीघनिकायातील संगीतिसुत्त आणि महापरिनिब्बानसुत्त या दोन्ही सुत्तांत तथागत पावा येथे चुंदाच्या आम्रवनात उतरल्याचे सांगितले आहे. म्हणजे चुंद हा संघाला निवाऱ्याची जागा देऊ शकणारा संपन्न गृहस्थ होता. अट्ठकथाकार बुद्धघोषाचार्यांनी तो सोनारकुलातील असून मोठा धनवान गृहस्थ होता, असे स्पष्टीकरण दिले आहे. सुत्तनिपातातील चुंदसुत्तात तो तथागतांना श्रमणांचे प्रकार किती असा प्रश्न विचारतो. अंगुत्तरनिकायाच्या दसकनिपातात त्याचे आणखी एक संभाषण आहे आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. त्यात चुंद सांगतो की, कमंडलू बाळगणाऱ्या, अग्नीची पूजा करणाऱ्या व पाण्यात बुड्या मारणाऱ्या पश्चिमेकडील ब्राह्मणांचा शुद्धिविधी आपल्याला आवडतो. तथागत त्याला काया, वाचा व मन यांच्या दहा कुशल कर्मांचा मार्ग समजावून देतात आणि शुद्धी पाण्यात नसून आचरणात आहे हे त्याच्या गळी उतरवितात. लोहाराच्या घरी जन्मलेल्या माणसाला शुद्ध-अशुद्धतेचा हा प्रश्न पडावा, हे बोलके आहे.

तथागतांचे अखेरचे भोजन या चुंदाच्या घरी झाले. त्यानंतर त्यांना तीव्र व्याधी जडली. कुसिनाराकडे जाताना त्यांच्या मनात आपल्या वेदनेचा नव्हे, चुंदाच्या मनःस्थितीचा विचार आला. तुझ्या घरचे अन्न खाऊन तथागत गेले, असे म्हणून उद्या कोणी चुंदाला खिजवील, हे त्यांनी आधीच ओळखले. त्यांनी आनंदाला बजावले की चुंदाच्या मनात पश्चात्ताप उत्पन्न झाल्यास तो दूर करावा. संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन दाने समान फळाची असून इतर दानांहून श्रेष्ठ आहेत, असे त्याला सांगावे. या दानाने चुंदाने आयुष्य, वर्ण, सुख, यश, स्वर्ग व आधिपत्य देणारे कर्म जोडले आहे, असा निरोप त्यांनी दिला. या निरोपात चुंदाच्या नावामागे 'आयस्मा' हे आदराचे पद येते. हे पद सामान्यतः भिक्षूंसाठी वापरले जाते. 'आयस्मा' आणि 'कम्मारपुत्त' ही दोन पदे एकाच माणसाला, एकाच वाक्यात लावलेली आहेत. धंद्याचे नाव पुसून टाकून त्याला आदर दिलेला नाही. धंद्याच्या नावासह आदर दिला आहे.

नाम, गोत्त आणि सिप्प

हा प्रसंग एकाकी नाही. त्यामागे स्पष्ट विचार आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, या वादाचा निर्णय करताना तथागत म्हणतात की गवत, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातीची चिन्हे वेगवेगळी दिसतात, तशी माणसामाणसांत दिसत नाहीत. शेतीवर जगतो तो शेतकरी, शिल्पावर जगतो तो शिल्पी, व्यापारावर जगतो तो वाणी, राज्याचा उपभोग घेतो तो राजा. नाम आणि गोत्र ही जगात ठरवून दिलेली, व्यवहारापुरती रूढ झालेली संज्ञा आहे. पालित यासाठी 'समञ्ञा' हा शब्द आहे. व्यवसायनामाची याहून नेमकी मीमांसा आमच्या वाचनात नाही.

त्या काळचा समाज समतेचा होता, असा मात्र याचा अर्थ कोणी करू नये. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम 'ओमसवाद' म्हणजे टोचून बोलण्याविषयी आहे. भिक्षूने दुसऱ्या भिक्षूला कोणकोणत्या गोष्टींवरून हिणवू नये, याची तेथे यादी आहे. जाती, नाव, गोत्र, काम व शिल्प ही तिच्यातील पहिली पाच स्थाने होत. या यादीचे विवरण करताना चंडाल, वेण, नेसाद, रथकार व पुक्कुस हे हीन जन्म, आणि बुरूड, कुंभार, कोष्टी, चर्मकार व न्हावी यांची शिल्पे हीन, असे लोकांत मानले जात होते हे नोंदविले आहे. ही नोंद अप्रिय आहे म्हणून ती झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. अथर्ववेदात कर्माराबरोबर गौरविलेला रथकार येथे हीन जन्माच्या यादीत पडला आहे, हेही त्यातूनच कळते. समाजात उतरंड तयार होत होती. संघाने मात्र आपल्या अंगणात तिला अपराध ठरविले. नावावरून व धंद्यावरून केलेला अपमान हा दंडनीय गुन्हा मानणारा यापेक्षा जुना लेखी नियम भारतात आम्हांस ठाऊक नाही. चुल्लवग्गात शाक्यकुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून न्हावी असलेल्या उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, त्या कथेचा आशय हाच आहे.

लेण्यांतील दानकर्ते

आता महाराष्ट्राकडे वळू. सह्याद्रीतील लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ब्राह्मी लेख आहेत. त्यांत राजे व सेट्ठी यांच्या बरोबरीने कारागिरांची नावे कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट येथील सामि नावाच्या वड्ढकीचे म्हणजे सुताराचे नाव आहे. कुडा येथे एका माळ्याचे दान आहे, तसेच करहाकड म्हणजे आजच्या कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक याने दिलेले लेणे आहे. जुन्नरच्या लेखांत कासार आणि बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो.

कान्हेरीच्या एका छोट्या लेखात आमचा कम्मार भेटतो. कल्याणचा नंद नावाचा कम्मार, आणि त्याचे दान म्हणजे डोंगरावरील एक वाट. लेखात ही दोन नावे 'नद' आणि 'कमार' अशी लिहिली आहेत. या काळातील लेणीलेखांत जोडव्यंजन एकेरी लिहिण्याची व अनुस्वार गाळण्याची पद्धत होती, म्हणून तसे दिसते. राजाने गाव दिले, श्रेष्ठीने लेणे कोरविले, आणि लोहाराने भिक्षूंच्या पायांखाली येणारी वाट बांधून दिली. कान्हेरीचा कातळ ज्यांनी चढून पाहिला आहे त्यांना या दानाची किंमत सांगावी लागणार नाही.

या सर्व लेखांत व्यवसायाचा शब्द व्यक्तीच्या नावासोबत येतो. दात्याचे गाव, नाव व धंदा एवढी त्याची ओळख पुरेशी होते. दान कोणाकडून घ्यावे व कोणाकडून घेऊ नये, असा भेद या नोंदींत नाही. येथे व्यवसायनाम ही दात्याने स्वतः दगडावर कोरवून घेतलेली ओळख आहे. लाजेची गोष्ट कोणी दगडावर कोरून ठेवीत नाही.

नावाला दर्जा चिकटला

नंद लोहाराची वाट ज्या शतकांत तयार झाली, साधारण त्याच काळात मनुस्मृतीची रचना झाली. विद्वान तिचा काळ इ. स. पूर्व दुसरे ते इ. स. तिसरे शतक या मर्यादेत धरतात. तिच्या चौथ्या अध्यायात स्नातक ब्राह्मणाने कोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. त्या यादीत कर्मार आहे. निषाद, नट, सोनार, वेण आणि शस्त्रे विकणारा हे त्याच्याच शेजारी आहेत. पुढे या प्रत्येकाच्या अन्नाने काय हानी होते तेही सांगितले आहे. सोनाराचे अन्न आयुष्य हरण करते, चर्मकाराचे अन्न यश हरण करते आणि कारागिराचे अन्न संतती नष्ट करते, असे त्या ग्रंथाचे म्हणणे आहे.

वाचकांनी ही दोन वचने शेजारी ठेवून पाहावीत. बुद्धघोषांच्या मते चुंद सोनारकुलातील होता. तथागत म्हणतात, या चुंदाने दिलेल्या अन्नाने आयुष्य आणि यश देणारे पुण्य घडले. मनुस्मृती म्हणते, सोनाराच्या अन्नाने आयुष्य जाते. विषय एक, माणूस एक, घास एक, आणि निर्णय परस्परविरुद्ध. वेदातील बुद्धिमान कर्मार स्मृतीत अभोज्यान्न झाला. या दोन टोकांच्या मध्ये त्याच्या कामात काही बदल झाला नव्हता. भाता तोच होता आणि ऐरणही तीच होती.

धंदा वंशपरंपरेने चालणे एवढ्यानेच जात होत नाही. तसे असते तर कम्मारपुत्त चुंदाची जात पावा येथेच पक्की झाली असती. वंशपरंपरेला अन्नबंदी, विवाहबंदी आणि धंदा सोडण्याची बंदी यांची जोड मिळाली म्हणजे व्यवसायनामाची जात होते. हे एका दिवसात घडले नाही. गुप्तकाळात व त्यानंतर नगरांचा व दूरच्या व्यापाराचा ऱ्हास झाला, असे रामशरण शर्मा यांच्यासारख्या इतिहासकारांचे प्रतिपादन आहे. ते स्वीकारल्यास, नगरातील श्रेणीच्या बळावर उभा असलेला कारागीर पुढे गावच्या धान्याच्या वाट्यावर अवलंबून राहिला, हेही समजते. महाराष्ट्रात बलुतेदारीच्या रूपाने ही व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत टिकली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गांवगाडा' या ग्रंथात तिचे तपशीलवार चित्र दिले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत शाळेचा दाखला, जमाबंदीचे दप्तर आणि शिरगणतीचा तक्ता यांनी नाव आणि जात दोन्ही शाईने पक्की केली.

एकच धंदा, निरनिराळे दर्जे

धंद्यामुळे दर्जा ठरला, असे जातीचे समर्थक सांगत आले आहेत. त्यांचे म्हणणे खरे असते तर एकाच धंद्याला सर्वत्र एकच दर्जा मिळाला असता. लोहाराच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

बंगालीत 'कम्म'चे 'काम' झाले त्याच रीतीने 'कम्मार'चे 'कामार' झाले आणि त्याला संस्कृत वळण देऊन 'कर्मकार' हे आडनाव रूढ झाले. तेथे कामारांची गणना 'नवशाख' गटात, म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी ब्राह्मणांना चालत असे अशा जातींत होत असे. याच आडनावाच्या पंचानन कर्मकार या कारागिराने चार्ल्स विल्किन्सबरोबर बंगाली अक्षरांचे खिळे तयार केले. त्या खिळ्यांचा उपयोग करून हॅल्हेडचे बंगाली व्याकरण १७७८ मध्ये हुगळी येथे छापले गेले. पुढे पंचानन श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला आणि तेथे त्याने नागरी अक्षरांचेही खिळे कोरले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच श्रीरामपुरातून प्रसिद्ध झाले. मराठी भाषेच्या मुद्रणाचा आरंभ सांगताना लोहाराच्या आडनावाच्या या कारागीर घराण्याचे स्मरण टाळता येणार नाही. ज्या हातांना अक्षर शिकविण्यास शास्त्राने अनमान केले, त्या हातांनी अक्षर घडवून दिले.

दक्षिणेत कन्नडमध्ये 'कम्मार' किंवा 'कंबार' आणि तेलुगूत 'कम्मरि' हे शब्द लोहारासाठी आहेत. महाराष्ट्रात प्रचलित नाव लोहार हेच राहिले. तो बलुतेदार होता. गावकुसाच्या आत त्याचे घर होते आणि पिकाच्या खळ्यावर त्याचा हक्क होता. मात्र ब्राह्मणाच्या पंक्तीला तो बसू शकत नव्हता.

नेपाळातील चित्र याहून फार वेगळे आहे. तेथील 'कामी' हा शब्दही 'कर्म' याच मुळाचा आहे. १८५४ मध्ये जंगबहादूर राणा यांच्या कारकिर्दीत जो 'मुलुकी ऐन' लागू झाला, त्याने कामी समाजाला पाणी न चालणारा आणि स्पर्श झाल्यास शुद्धी करावी लागणारा असे ठरविले. त्याच काठमांडू खोऱ्यात नेवार समाजातील लोहारांचे आडनाव 'नकर्मी' आहे. नेपाळभाषेत 'न' म्हणजे लोखंड. हे नकर्मी मात्र पाणी चालणाऱ्या जातींत राहिले. कुमाऊँ व गढवालच्या डोंगरांतही लोहारकाम करणाऱ्यांना अस्पृश्य मानले गेले आणि विसाव्या शतकात त्यांनी 'शिल्पकार' हे नाव धारण केले.

एकच लोखंड, एकच घण. हुगळीकाठी पाणी चालते, काठमांडूच्या एका गल्लीत चालते, आणि तेथूनच डोंगर चढून गेले की चालत नाही. मग अस्पृश्यता त्या धंद्यात कशी असेल? ती कोणाच्या तरी अधिकाराने नावावर लादलेली आहे. 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या निबंधात परमपूज्य बाबासाहेबांनी श्रमविभागणीच्या सबबीचा समाचार घेतला आहे. जातिव्यवस्थेने कामे वाटून दिली नाहीत, माणसांनाच वरच्या-खालच्या कप्प्यांत कोंडले, हे त्यांनी दाखवून दिले. लोहाराच्या आडनावाचा भूगोल त्या सिद्धान्ताची पदोपदी साक्ष देतो.

नेपाळात १९६३ च्या नव्या ऐनाने जातिनिहाय शिक्षा व दर्जे काढून टाकले आणि २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. तथापि ज्या नावाला शतकभर कायद्याने कलंक लावला, त्याचा कलंक कायद्याच्या एका कलमाने धुतला जात नाही, हे भारतातील आपणा सर्वांस सांगण्याची गरज नाही.

नाव बदलण्याचा मार्ग

अपमानित नाव टाकून प्रतिष्ठेचे नाव घेण्याचा प्रयत्न अनेक ठिकाणी झाला. नेपाळातील कामी समाजाने 'विश्वकर्मा' हे आडनाव स्वीकारले. भारतातही लोहार, सुतार, सोनार, तांबट व पाथरवट या पाच कारागीर समाजांनी विश्वकर्म्याचा वंश सांगितला आणि काहींनी ब्राह्मणत्वाचा दावा केला. ज्यांना रोज हिणविले जाते त्यांनी मानाचे नाव घ्यावे यात आम्हांस काहीही वावगे दिसत नाही. परंतु उतरंड तशीच ठेवून तिच्यातील आपली पायरी बदलून मागणे, आणि उतरंडच नाकारणे, हे दोन मार्ग भिन्न आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्या मार्गावर आणून सोडले.

या संदर्भात वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याची आठवण होते. हे बौद्ध चैत्यगृह आहे. लोक त्याला 'विश्वकर्मा' किंवा 'सुतार का झोपडा' म्हणत आले. दगडात कोरलेल्या लाकडी फासळ्यांसारख्या कमानी पाहून कारागिरांना ते आपल्या कुलदेवाचे घर वाटले आणि स्तूपापुढील बुद्धमूर्तीलाच विश्वकर्मा समजून ते वंदन करू लागले. यावरून ते सर्व कारागीर पूर्वी बौद्ध होते असे सिद्ध होत नाही. इतके मात्र खरे की, इतर देवळांचे दार ज्यांना सहज उघडत नव्हते, त्यांना आपला देव शोधताना बुद्धाची मूर्ती परकी वाटली नाही.

आमच्यापुढील प्रश्न

आपल्या समाजात आडनावाचा प्रश्न आजही जिवंत आहे. कोणी गावावरून नवे आडनाव घेतो, कोणी आडनावच लावीत नाही, कोणी जुन्या आडनावाचा पालि अर्थ शोधतो. या शेवटच्या प्रकाराविषयी पालिचे अभ्यासक या नात्याने दोन शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. उच्चार जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळत नाही. 'कामार' हा 'कम्मार'चा सरळ वंशज आहे, कारण ध्वनिबदलाचे नियम आणि मधली रूपे दोन्ही उपलब्ध आहेत. 'कामी' मात्र 'कर्मिन्' या शब्दापासून येतो. तो कम्माराचा भाऊबंद आहे, पुत्र नव्हे. इतकी काळजी न घेता प्रत्येक आडनाव बौद्धकालीन ठरविल्यास विरोधक हसतीलच. त्याहून वाईट म्हणजे आपलीच मुले खऱ्या पुराव्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. केवळ बौद्ध म्हणविल्याने नावाची उतरंड जात नाही. श्रीलंकेत १७५३ मध्ये उपसंपदेची परंपरा सयामहून पुन्हा आणली गेली. परंतु त्या निकायात पुढे गोविगम जातीवाचून इतरांना उपसंपदा नाकारण्यात आली. तेव्हा इतर जातींतील उपासकांना व श्रामणेरांना ब्रह्मदेशाची वाट धरावी लागली आणि त्यातून १८०३ मध्ये अमरपूर निकाय उदयास आला. त्रिपिटक कंठस्थ असलेल्या देशात ओमसवादाचा नियम असा विसरला गेला. आपल्या वस्तीत सोयरीक जुळविताना आडनावावरून पोटजात विचारली जाते, तेव्हा आपणही तोच नियम मोडत असतो.

वासेट्ठसुत्ताच्या दृष्टीने नाव ही समञ्ञा आहे. ते ठेवावे की बदलावे हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. त्यावरून माणूस मोजणे हे मात्र अकुशल कर्म आहे. तथागतांनी चुंदाला त्याचे नाव बदलावयास सांगितले नाही. त्यांनी त्याच्या घरी जाऊन भोजन केले आणि त्या भोजनामुळे कोणी त्याला बोल लावू नये याची व्यवस्था केली. कान्हेरीस जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी तेथील वाटेवरून चालताना कल्याणच्या नंद कम्माराचे स्मरण करावे आणि घरी परतल्यावर पाहुण्याला त्याचे आडनाव विचारण्यापूर्वी जेवावयास वाढावे, एवढीच आमची विनंती आहे.